बंबातलं जळण

आमच्या फिल्म सोसायटीत चाळीसेक सभासद आहेत. त्यातले तीस निवृत्त, मी एकतिसावी. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि या सोसायटीचं वर्षभराचं सभासदत्व अशी भेट दिली. आता घरी बसून आम्हाला सारखे फोन करू नका, हा त्याचा खरा अर्थ. मला तो कळला आणि मी फोन केले नाहीत.

महिन्यातून एका रविवारी, सकाळी दहाला, एका वाचनालयाच्या माडीवरच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे पडदे लावून पिक्चर दाखवतात. आधी अध्यक्ष बोलतात. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, पण निवृत्त म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. कोल्हापूर ही कलानगरी, इथं सिनेमा वाढला, हे ते दर वेळी सांगतात. कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या आजोबांनी स्टुडिओत काम केलेलं असतं. इतकी माणसं तिथं खरंच असती तर कॅमेरा ठेवायला जागा उरली नसती.

त्या रविवारी मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरोबर नेलं. हौस म्हणून नव्हे. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्याजवळ थांबणाऱ्या बाई रविवारी सुट्टी घेतात, आणि मागच्याच आठवड्यात आप्पांनी गॅसवर दूध ठेवून, कट्ट्यावर गप्पा मारायला जाऊन पातेल्याचा कोळसा केला होता. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बारा वर्षं झाली आणि माझं लग्न झालं नाही. त्यांना घरी एकटं ठेवण्यापेक्षा अंधारात खुर्चीवर बसवलेलं बरं, एवढाच विचार मी केला. फोनवर आलेला निरोप पुरता वाचला असता तर गेलेच नसते. जुना अमेरिकन गुन्हेपट, कृष्णधवल, अगदी कमी खर्चात काढलेला, इथपर्यंत मी वाचलं होतं. गोष्ट खोट्या नोटा छापणाऱ्या टोळीची आहे, हे त्याखाली होतं.

ते मला अध्यक्षांच्या तोंडून कळलं. मी आप्पांकडं पाहिलं. ते रुमालानं चष्मा पुसत होते. उठून जावं तर रांगेतल्या सहा जणांचे गुडघे ओलांडावे लागणार, आणि त्यांतल्या दोघांना तरी आमच्या घरची जुनी भानगड माहीत असणार. मी बसून राहिले.

ती भानगड आधी सांगते.

आप्पा ठसे कापायचे. सगळी छपाई ऑफसेटवर जायच्या आधी पत्रिकेवरचा गणपती, कुस्तीच्या पोस्टरवरचे पैलवान, गुळाच्या लेबलावरचा बैल, हे सगळं कुणीतरी हातानं लाकडात नाहीतर धातूत कोरावं लागायचं. लक्ष्मीपुरीत एका जिन्याखाली आप्पांची खोली होती, आणि शहरातले निम्मे छापखाने त्या जिन्याखाली वाकून आत यायचे. ठशावर सगळं उलटं कापायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. त्यांच्या मांडीवर बसून मी अक्षरं शिकले ती ठशावरचीच. पहिलीत पाटीवर सगळी अक्षरं उलटी काढली म्हणून बाईंचा मार खाल्ला. आप्पा दोन दिवस हसत होते.

मी सोळा वर्षांची होते आणि दहावी झाले होते. मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. प्रवेश मिळत होता, फक्त शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि आमचे मुख्याध्यापक तो देईनात. त्यांनी शाळेला नवी अकरावी-बारावी जोडली होती. वर्गात टाळकी कमी होती. बरे गुण मिळवलेल्या पोरी बाहेर गेल्या तर तुकडी बंद पडेल ही त्यांना धास्ती. कारकून रजेवर आहे असं त्यांनी आप्पांना चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा कारकून शेजारच्या खोलीत चहा पीत होता. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना एका संध्याकाळी आप्पा दाखला घेऊन आले. मी घरभर नाचले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना पेढे द्यायला निघाले, तर आप्पांनी दारात अडवलं.

"त्या शाळंकडं परत फिरकायचं न्हाई. चार हेलपाटं घालाय लावलं त्यानं. पेढं कशाचं त्येला?"

पेढे त्यांनीच खाल्ले. किती आकस धरतो हा माणूस, असं मला वाटलं.

गणपती होऊन गेल्यावर बाजारात खोट्या नोटा सापडल्या. पोलीस एकेक छापखाना, एकेक ठसेवाला पालथा घालत सुटले. अशाच एका सकाळी मी कॉलेजला निघताना आप्पा न्हाणीत बंबापुढं उभे दिसले. तांब्याचा जुना बंब होता, मधल्या नळकांड्यात जळण घालून पाणी तापवायचा. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या होत्या. आप्पांनी मांजरपाटात गुंडाळलेलं काहीतरी लहानसं वरून आत टाकलं, सळीनं खाली ढकललं आणि धूर बसेपर्यंत तिथंच उभे राहिले. मला बघून म्हणाले, "पाणी तापवतोय."

त्याच संध्याकाळी पोलीस आले. त्यांनी घर उलटंपालटं केलं. त्यातला एक जण माझ्याजवळ येऊन बसला. चांगला बोलणारा होता. काय शिकतेस, कुठं शिकतेस असं विचारून झाल्यावर म्हणाला, "हुशार दिसतीस बाळ. आज घरात काय येगळं झालं का गं?"

मला कुणी धमकावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं मी सांगितलं, "आप्पांनी सकाळी बंबात काहीतरी जाळलं." उत्तर बरोबर आल्याचा आनंदही मला झाला असावा. खोटं बोलायचं नाही, हे मला नुकतंच कॉलेजात शिकवलेलं होतं. आप्पा तेव्हा बाहेरच्या खोलीत दुसऱ्या पोलिसासमोर उभे होते. त्यांनी ऐकलं नाही, अशी माझी समजूत.

पोलिसांनी बंबाची राख मागितली. आईनं दुपारी त्याच राखेनं भांडी घासली होती. पुरावा नाहीसा केला म्हणून तिलाही चार शब्द ऐकावे लागले. आप्पांना घेऊन गेले ते दोन दिवस. काय जाळलं, एवढंच विचारत होते म्हणे. आप्पा दोन दिवस एकच सांगत होते, "जळण." परत आले तेव्हा उजव्या हाताची बोटं सुजलेली होती. दारात सापडली, असं त्यांनी आईला सांगितलं. कोरण्या, भिंग, हातोड्या पोत्यात भरून नेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत.

गुन्हा काही दाखल झाला नाही. पुढं राज्याच्या सीमेपलीकडं कुणीतरी सापडले, पण त्यांचे ठसे कुणी कापले ते शेवटपर्यंत उजेडात आलं नाही. कोल्हापुरात बातमी पसरायला पेपर लागत नाही, कट्टा पुरतो. आप्पा 'नोटवाले' झाले. पत्रिका छापणारे यायचे थांबले, मग लेबलवाले थांबले. ज्या छापखान्यांना त्यांनी ठसे पुरवले त्यांतल्याच एकात ते कागदाचे गठ्ठे उचलू लागले. नंतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्यात मशीनच्या पट्ट्यांवर नंबर ठोकायचं काम मिळालं. पैलवानाच्या मिशीचा केसन् केस कापणारा माणूस साठीपर्यंत हातोडीनं आकडे ठोकत होता.

मला नोकरी लागल्यावर एक स्थळ आलं. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मुलाच्या मामांनी माझ्या आईला विचारलं, "ते नोटांचं काय झालंतं?" आई रडली आणि तिथंच सगळं संपलं. पुन्हा कुणासमोर पोह्यांची ताटली घेऊन जायचं नाही असं मी ठरवलं आणि पाळलं.

त्यानंतर चाळीस वर्षं मी आणि आप्पा एका घरात राहिलो. भाजीबद्दल बोललो, आईच्या औषधांबद्दल बोललो, नळाला पाणी कधी येतं त्याबद्दल बोललो. नोटा तुम्ही केल्यात का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बापानं केलं, मी फेडलं, असा माझा हिशेब होता आणि त्यात मी फार मोठी होते. शाळेत मी कॉपी पकडणारी बाई म्हणून प्रसिद्ध झाले. पोरांच्या वह्यांवरच्या पालकांच्या सह्यासुद्धा मी उजेडात धरून बघायची.

मुख्याध्यापिका झाल्यावर एकदा शाहूवाडीकडचा एक माणूस मुलीला घेऊन आला. दाखल्यावरची जन्मतारीख खोडून वर दुसरी लिहिली होती. मी दाखला त्याच्यापुढं सरकवला आणि मुलीच्या देखत म्हणाले, "खोट्या कागदावर मूल शिकत नसतं." त्या संध्याकाळी ही हकीकत मी घरी मुद्दाम मोठ्यानं सांगितली. आप्पा पेपर वाचत होते.

"मग त्या पोरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

तर अशी मी, आणि असे आप्पा, त्या रविवारी शेजारी शेजारी बसून नोटा छापणाऱ्यांचा पिक्चर बघत होतो.

दिग्दर्शकाच्या खिशात काही नव्हतं हे दहा मिनिटांत कळतं. एकच जिना तीन बाजूंनी दाखवून तीन घरं केलेली. रस्त्याचा निम्मा भाग काळोखात, कारण तो बांधलेलाच नाही. एकदा तर भिंतीला धक्का लागला आणि भिंत हलली. पण अंधाराला पैसे पडत नाहीत आणि त्यानं तो मनापासून वापरला होता. टोपीच्या सावलीत चेहरा, काचेवरच्या नावाची सावली जमिनीवर, पंख्याची सावली माणसावर. मला तो आवडू लागला होता, ही कबुली दिली पाहिजे.

गोष्ट सरळ होती. टोळीनं एका म्हाताऱ्या कोरीवकाराला तळघरात बसवलेलं असतं. तो खोकत खोकत नोटेचा ठसा कापत असतो. गिऱ्हाईक बनून आलेला पोलीस त्या ठशाच्या मागावर. आप्पांना इंग्रजी येत नाही, पडद्यावरच्या खालच्या इंग्रजी ओळीही त्यांना वाचता येत नव्हत्या. मला वाटलं, दोन-चार खून बघतील आणि डुलकी काढतील.

मग पडद्यावर कोरीवकाराचा हात आला. पडदाभर नुसता हात, कोरणी आणि चकचकीत पट्टी. हॉलमध्ये शांतता, आणि त्या शांततेत आप्पा दणकून म्हणाले, "आरं, ह्यो सुलटं कापतोय की! नोट उलटी छापंल त्याची!"

पुढच्या रांगा वळल्या. कुणीतरी 'शूः' केलं, कुणीतरी हसलं. मी त्यांचं मनगट दाबलं.

"आप्पा, गप्प बसा."

"आगं पर बघ की. आणि हात बी म्हाताऱ्याचा न्हाई तो. जवान पोराचा हाय."

ते खरं होतं. नट सत्तरीचा आणि हात पंचविशीचा. भाड्यानं आणलेला हात, तोही दुसऱ्या कुठल्यातरी धंद्यातला. आप्पा पुढं झुकून बघत होते. कागलच्या बसमध्ये चढताना, औषधं घेताना, जेवताना हा चेहरा मी पाहिला नव्हता. जिन्याखालच्या खोलीत पाहिला होता, मांडीवर बसून. मला त्याचा राग आला. खोट्या नोटांचा ठसा बघून ह्या माणसाचा चेहरा खुलतोच कसा, असं मनात आलं.

शेवट नेहमीचा. जिन्यावर पोलिसांच्या बुटांचे आवाज. टोळीचा म्होरक्या ठसा उचलतो आणि पेटलेल्या शेगडीत फेकतो. पोलीस आत घुसतो, चिमट्यानं निखारे उपसतो आणि ठसा बाहेर काढतो. काजळी बाहीनं पुसतो. खालून नोट जशीच्या तशी, एक रेघ मोडलेली नाही.

आप्पा हसले. या वेळी हळू बोलले, फक्त मला ऐकू येईल इतकं. "जळतंय व्हय ते? पोलाद हाय. वितळायचं म्हटलं तर फौंड्रीची भट्टी पायजे. बंबात टाकलं तर नुसतं काळं पडतंय."

बंब हा शब्द आमच्या घरात चाळीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. पुढं पडद्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही.

मी अडतीस वर्षं सहावीला विज्ञान शिकवलं आहे. फळ्यावर दोन रकाने आखायचे, जळणारे पदार्थ आणि न जळणारे पदार्थ. लाकूड इकडं, लोखंड तिकडं, तांबं तिकडं. पोरं चुकली तर पाच वेळा लिहायला लावायची. आणि आमच्या बंबात जे पडलं त्याची दुपारपर्यंत राख झाली होती, त्या राखेनं आईनं पितळेची भांडी घासली, तिच्या हाताला एक खडा लागला नाही. नोटेचा ठसा लाकडावर कापत नाहीत, एवढं तर मला ठसेवाल्याची मुलगी म्हणूनही कळायला हवं होतं. मग मी काय पाहिलं होतं?

दिवे लागले. पडदे सरकवल्यावर बाहेरचं ऊन एकदम आत आलं. चर्चा करायची प्रथा आहे. अध्यक्षांनी आप्पांचा उल्लेख 'आपल्या सभासदबाईंचे वडील, जुने ब्लॉकमेकर' असा केला आणि म्हणाले की, काकांनी फार महत्त्वाचा मुद्दा काढला, कारण सुलटी अक्षरं ही दिग्दर्शकानं मुद्दामच दाखवली असणार. खऱ्या-खोट्याची अदलाबदल त्यातून सुचवायची असणार.

"व्हय?" आप्पा म्हणाले. "मला वाटलं त्येला येत नव्हतं."

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, "काका, तुम्हाला अनुभव दिसतोय की नोटांचा!" हसू आणखी वाढलं, आणि त्यात दोन-तीन हसणी निराळी होती. माहीत असलेली. मला ती सोळाव्या वर्षापासून ओळखू येतात.

आप्पा मागं वळले आणि नीट बघून म्हणाले, "हाय की अनुभव. दोन दिसांचा."

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. रिक्षा मिळेना म्हणून समोरच्या टपरीच्या बाकावर बसवलं, चहा सांगितला. त्यांनी निम्मा बशीत ओतला. आजूबाजूला रविवारचा गोंधळ, मटणाच्या पिशव्या घेऊन चाललेली माणसं, मोटरसायकली.

"आप्पा," मी म्हणाले, "बंबात काय होतं?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग कपातला बशीत घेतला. "लाकूड व्हतं. शिसवीचं. बत्ताशाएवढं."

"कसलं?"

"तुज्या शाळंचा शिक्का."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. त्यांनी मग धंद्यातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. शाळेचे कोरे दाखले ज्या छापखान्यात छापायचे तिथं आप्पांचं रोजचं जाणं-येणं. एक कागद उचलला. मुख्याध्यापकांची सही कागदावर हातानं उठवणं हे पैलवानाची मिशी कापणाऱ्याला जड नव्हतं. शिक्का तेवढा कापावा लागला. एका रात्रीत झाला. काम झाल्यावर तो ठसा लगेच जाळायला हवा होता. पण नाही जाळला.

"का?"

"लई चांगला झालाता गं," आप्पा म्हणाले. "ठेवला फडक्यात गुंडाळून. मग पोलीस हिंडाय लागलं म्हटल्यावर घातला बंबात."

"मग चौकीत सांगितलं का नाही?"

"काय सांगू? नोटा न्हाई केल्या सायेब, पोरीचा दाखला केलाय, असं? तुजं कालेज सुरू झालंतं."

कुणाला वाटेल, मी तिथं रडले असेन. नाही. मला संताप आला. माझ्यावर एवढं मोठं ओझं ठेवून चाळीस वर्षं शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग आला. निरोपाच्या समारंभात मी स्टेजवरून प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले होते, आणि पहिल्या रांगेत बसून हाच माणूस टाळ्या वाजवत होता. माझं लग्न मोडलं तेव्हा हा गप्प. आई 'तुम्ही केलंत का हो' असं डोळ्यांनी विचारत मेली, तेव्हाही गप्प.

"मला सांगायचं होतं," मी ओरडलेच. टपरीवाल्यानं वळून पाहिलं. "तेव्हा नाही, नंतर तरी. नोकरी लागल्यावर. आई गेल्यावर. कधीतरी सांगायचं होतं मला!"

आप्पांनी बशी बाकावर ठेवली. "तुला सांगितलं असतं तर तू जाऊन त्यास्नी सांगून आली असतीस. एकदा सांगितलंसच की."

ते रागानं बोलले नाहीत. मला वाटतं, चाळीस वर्षांत त्यांचा राग कधीचा संपला असावा, किंवा नसावाच. बाहेरच्या खोलीत उभे राहून त्यांनी माझा तो स्पष्ट, हुशार आवाज ऐकला होता. आणि ते म्हणाले ते बरोबर होतं. कॉलेजात असताना कळलं असतं तर मी दाखला घेऊन सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले असते. नोकरी लागल्यावर कळलं असतं तरी गेले असते. मान ताठ ठेवून गेले असते, आणि तिथून परत आल्यावर मला स्वतःबद्दल कोण अभिमान वाटला असता!

रिक्षा मिळाली. आम्ही घरी आलो.

आप्पा आंघोळीला गेले तेव्हा मी कपाटातली पत्र्याची पेटी काढली. दाखल्याची मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे, शाळेच्या नोकरीत इतक्या वेळा दाखवावी लागली की घड्यांवर फाटली आहे. त्याच पेटीत त्याच शाळेचं, आठवीतल्या निबंधस्पर्धेचं प्रशस्तिपत्र आहे. त्यावर शाळेचा खरा शिक्का. मी दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवली.

खरा शिक्का म्हणजे एक जांभळा डाग. कड एका बाजूला फुटलेली, मधला सूर्य आहे की फणस हे सांगता येऊ नये, अक्षरं एकमेकांत मिसळलेली. दाखल्यावरच्या शिक्क्यात सूर्याचा एकेक किरण वेगळा. गोल कंपासानं काढावा तसा गोल. अक्षरं सुटी, रेखीव, अभिमानानं उभी असलेली. दोन्ही शिक्के एका शाळेचे नव्हेत हे सहावीतल्या पोरानंही सांगितलं असतं.

आप्पा टॉवेल गुंडाळून मागं येऊन उभे राहिले. त्यांनी दाखला हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. किती तरी वेळ ते बघत होते.

"तसाच फुटका कापायला हवा होता ना," मी म्हणाले.

"व्हय. कळत व्हतं की. पर त्यांचा लई वाईट कापलेला गं. तसा माझ्यानं कापवला न्हाई." त्यांनी कागद मला परत दिला. "तेवढ्यावर घावलो असतो. कुणी बघिटलं न्हाई म्हणून वाचलो."

कुणी बघितलं नाही, हे खरं. प्रवेश देणाऱ्या कारकुनानं नाही, नोकरी देणाऱ्या समितीनं नाही, पेन्शनची फाईल तपासणाऱ्यानंही नाही. सह्या उजेडात धरून बघणाऱ्या मीही तो शिक्का कधी पाहिला नाही. दर वेळी दाखला पाकिटातून काढला, पुढं केला, परत ठेवला.

मी दाखला पाकिटात घातला. त्या शाहूवाडीच्या माणसाचा दाखला मात्र मी नीट पाहिला होता, खोडलेल्या तारखेवर बोटही ठेवलं होतं. माझं बोलून झाल्यावरही तो दारात थोडा वेळ उभा होता. त्याला काहीतरी सांगायचं असावं. मुलगी त्याच्या सदऱ्याला धरून माझ्याकडं बघत होती. मी शिपायाला पुढच्या पालकाला आत पाठवायला सांगितलं.

पोरीचं पुढं काय झालं, हे आप्पांनी त्या संध्याकाळी विचारलं होतं. मला अजूनही माहीत नाही.